टीएनएफ रोखणारे एक औषध आतड्यावर चालते, दुसरे चालत नाही, असे का?

रेणूवेध:

औषधशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी आतड्याच्या दाहविकारांवरील, म्हणजे क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन आजारांवरील, दाहशामक औषधांविषयी प्रबंध लिहीत आहे. पाठ्यपुस्तकात हा विषय सरळ दिसतो: दाह वाढवणारा रेणू ओळखायचा, तो रोखणारे औषध तयार करायचे आणि दाह ओसरतो का ते पाहायचे. प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले की मात्र हा सरळपणा टिकत नाही.

इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ नावाचे दाह वाढवणारे प्रथिन रोखणारे प्रतिपिंड. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याच्या एकाच मात्रेनंतर चार आठवड्यांनी, वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम औषध मिळालेल्या क्रोन्सच्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांना गुण आला, तर प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय मात्रा, मिळालेल्या गटात हे प्रमाण १७ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एटानरसेप्टही टीएनएफच रोखते आणि संधिवातावर ते उत्तम चालते. क्रोन्समध्ये मात्र ते प्लासिबोहून सरस ठरले नाही. सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन १७ हे दाह घडवणारे आणखी एक प्रथिन रोखते आणि सोरायसिसमध्ये त्याचा परिणाम ठळक असतो; क्रोन्सच्या रुग्णांना ते दिले तेव्हा उपयोग तर झाला नाहीच, उलट आजार बळावल्याची चिन्हे दिसली. टोफॅसिटिनिब पेशीच्या आत दाहाचा संदेश पोहोचवणारी जेएके ही विकरे रोखते; २०१८ मध्ये ते अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी मान्य झाले, पण क्रोन्सच्या चाचणीत ते टिकले नाही.

माझ्या प्रकल्पातील रेणू लिपोपॉलिसॅकराइडने (जिवाणूंच्या आवरणातील घटकाने) चेतवलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींमध्ये टीएनएफचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी करतो. पुढचा टप्पा म्हणून पिण्याच्या पाण्यातून डीएसएस हे आतड्याच्या अस्तराला इजा करणारे रसायन देऊन उंदरांमध्ये कोलायटिस घडवायचा आणि त्यावर हा रेणू तपासायचा असे ठरले आहे. वरील उदाहरणे पाहता, एवढ्या पुराव्यावर हा रेणू आतड्याच्या दाहावर उपयोगी ठरेल असे म्हणण्याचा मला कितपत अधिकार आहे? आणि एकाच प्रकारच्या औषधांच्या वाट्याला इतके निरनिराळे निकाल का आले, याचे सुसंगत स्पष्टीकरण कोणी देऊ शकेल का?


पेशीपुराण:

तुमच्या तिन्ही उदाहरणांमागची कारणे वेगळी आहेत, तेव्हा ती एकाच सूत्रात ओवण्याचा मोह टाळावा. एक गोष्ट मात्र तिन्हींच्या मुळाशी आहे. सांध्यात किंवा त्वचेखाली दाह असणे हेच अपवादात्मक असते. आतड्याचे तसे नाही. तिथे कोट्यवधी जिवाणूंचा समुदाय आणि शरीराचे अंतरंग यांच्यामध्ये श्लेष्माचा थर आणि पेशींचा केवळ एकपदरी पडदा असतो. त्या पडद्यामागे प्रतिकारपेशी कायम पहाऱ्यावर असतात आणि निरोगी माणसाच्या आतड्यातही सौम्य स्वरूपाची चकमक अखंड चालू असते. त्यामुळे दाह घडवणारी बरीच प्रथिने तिथे दुहेरी काम करतात: एकीकडे ऊतींची नासधूस, दुसरीकडे अस्तराची राखण आणि डागडुजी. आपण रोखलेल्या प्रथिनाचे त्या जागी कोणते काम जास्त महत्त्वाचे आहे, यावर औषधाचे नशीब ठरते.

इंटरल्युकिन १७ हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. हे प्रथिन अस्तरातील पेशींमधील सांधे घट्ट ठेवण्यास मदत करते, जिवाणूंना मारणारी लहान प्रथिने तयार करवून घेते आणि बुरशीविरुद्धच्या संरक्षणात त्याचा मोठा वाटा असतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेक्युकिनुमॅबच्या ज्या चाचणीचा तुम्ही उल्लेख केला आहे, तिच्यात औषध मिळालेल्या काही रुग्णांना बुरशीचा स्थानिक संसर्ग झाला; प्लासिबो गटात तो एकालाही झाला नाही. म्हणजे औषध आपले काम चोख करत होते, फक्त ते काम आतड्याला नको होते. ब्रोडालुमॅब हे याच मार्गातील ग्राही, म्हणजे प्रथिनाचा संदेश घेणारा पेशीवरील रेणू, रोखणारे औषध. क्रोन्समध्ये त्याचाही अनुभव असाच आला.

आता खरी गंमत पुढे आहे. इंटरल्युकिन १७ तयार करणाऱ्या पेशींना चालना देणारे प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन २३, आणि ते रोखणारी औषधे आतड्याच्या दाहविकारात उत्तम चालतात. वरचा नळ बंद केला तर चालते आणि खालचा बंद केला तर बिघडते, हे कसे? उंदरांवरील प्रयोगांतून याचे उत्तर असे मिळते की आतड्यात काही पेशी इंटरल्युकिन २३च्या आदेशाविनाही इंटरल्युकिन १७ बनवतात, आणि अस्तराची राखण करणारा साठा मुख्यतः हाच असतो. २३ रोखले तर विध्वंसक पेशींची रसद तुटते, राखणदार साठा मात्र बराचसा शाबूत राहतो. शिवाय २३च्या बाजूने मानवी जनुकशास्त्राची साक्ष आधीपासून होती. त्याच्या ग्राहीच्या जनुकातील एक विरळ बदल ज्यांच्याकडे असतो त्यांना क्रोन्स होण्याची शक्यता कमी असते, हे २००६ मध्येच दिसून आले होते. निसर्गाने माणसांवर आधीच केलेला हा प्रयोग उंदरांवरील दहा प्रयोगांपेक्षा मोलाचा आहे असे माझे मत आहे.

एटानरसेप्टची गोष्ट इतकी स्वच्छ नाही. टीएनएफ दोन रूपांत आढळते, एक पेशीच्या पृष्ठभागावर रोवलेले आणि दुसरे तिथून तुटून द्रवात मोकळे फिरणारे. इन्फ्लिक्सिमॅब पृष्ठभागावरील टीएनएफला घट्ट धरते आणि त्यामुळे आतड्याच्या अस्तरातील चेतलेल्या टी पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) मरण पावतात. एटानरसेप्ट मुख्यतः मोकळे टीएनएफ टिपते आणि पेशीमृत्यू घडवून आणत नाही. पुष्कळ पुस्तकांत हे स्पष्टीकरण येथेच संपते. पण सर्टोलिझुमॅब हा प्रतिपिंडाचा तुकडा प्रयोगशाळेत अशा पेशींना मारत नाही, तरीही २००८ मध्ये क्रोन्ससाठी त्याला मान्यता मिळाली. म्हणजे पृष्ठभागावरील टीएनएफला धरणे महत्त्वाचे असावे, परंतु त्यानंतर पेशी मेलीच पाहिजे असे नाही. त्यातच एटानरसेप्टच्या त्या चाचणीत संधिवातासाठी ठरलेलीच मात्रा वापरली होती, हेही विसरू नये. प्रबंधात हे सर्व लिहा. केवळ पहिला अर्धा भाग लिहिला तर जाणकार परीक्षक सर्टोलिझुमॅबविषयी विचारल्याशिवाय राहणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. आयब्युप्रोफेनसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनाही आपण दाहशामकच म्हणतो, पण त्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात, आणि अस्तराच्या संरक्षणासाठी व दुरुस्तीसाठी प्रोस्टाग्लँडिन आवश्यक असते. म्हणूनच या रुग्णांना अशा गोळ्या शक्यतो टाळण्यास सांगितले जाते.


तालिका:

मी औषधचाचण्यांच्या सांख्यिकीशी संबंधित काम करते. पेशीपुराण यांचे जीवशास्त्रीय विवेचन मान्य आहे, मात्र प्रत्येक अपयशाचे खापर जीवशास्त्रावर फोडण्यापूर्वी, मोजमाप कसे झाले होते ते पाहावे असे मला वाटते. या क्षेत्रात काही औषधे चुकीच्या मापामुळे बाद झाली आणि काही चुकीच्या मापामुळे डोक्यावर घेतली गेली.

क्रोन्सच्या चाचण्यांमध्ये दीर्घकाळ वापरला गेलेला निर्देशांक १९७६ चा आहे. रुग्णाने सात दिवस नोंदवही ठेवायची, त्यात पातळ शौचाची संख्या, पोटदुखी आणि एकंदर बरे वाटणे यांची नोंद करायची, त्यात आणखी काही बाबींची भर घालायची आणि बेरीज १५० च्या खाली आली की आजार शमला असे मानायचे. अडचण अशी आहे की आतड्यात दाह अजिबात नसतानाही पोट दुखू शकते, कारण जुन्या व्रणांमुळे आतडे अरुंद झालेले असते, किंवा शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असल्यामुळे पित्ताम्लांनी जुलाब होत असतात. उलट दुर्बिणीतून खोल व्रण दिसत असताना रुग्णाला फारसा त्रास नाही, असेही घडते. दाहशामक औषधाची परीक्षा जर अशा मापाने घेतली, तर ज्यांना दाहच नाही असे लोकही चाचणीत येतात आणि नुसत्या काळाच्या ओघात त्यांचा आकडा खाली सरकतो.

मोंगरसेन हे याचे बोलके उदाहरण आहे. आतड्यात स्मॅड७ हे प्रथिन वाढल्यामुळे दाह आवरणारी एक नैसर्गिक संदेशयंत्रणा दबते, म्हणून ते प्रथिन बनण्याआधीच त्याचा आरएनए नष्ट करायचा, ही त्यामागची कल्पना खरोखर सुरेख होती. २०१५ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले: सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांपैकी ६५ टक्के रुग्णांचा आजार शमला आणि प्लासिबो गटात सुमारे १० टक्क्यांचाच. क्रोन्समध्ये असे आकडे कोणी पाहिले नव्हते. हा शमनाचा निर्णय मात्र वर सांगितलेल्या नोंदवहीच्या निर्देशांकावर झाला होता. सहभागी निवडताना दुर्बीण तपासणीत व्रण दिसलेच पाहिजेत अशी अट नव्हती. औषधाचे हक्क सेलजीन कंपनीने आधीच, २०१४ मध्ये, ७१ कोटी डॉलर आगाऊ मोजून घेतले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये, यश मिळण्याची शक्यता उरली नाही म्हणून, तिसऱ्या टप्प्याची चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

आता उलट बाजूचे उदाहरण, जे मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. मेसालाझिन हे अल्सरेटिव्ह कोलायटिसवरील जुने, सर्वमान्य औषध. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषध गटातील ३० टक्के आणि प्लासिबो गटातील २०.६ टक्के रुग्णांचा आजार शमला, आणि हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर उतरला नाही. त्यानंतर दुर्बीण तपासणीच्या चित्रफिती, कोणत्या रुग्णाला काय दिले हे ठाऊक नसलेल्या मध्यवर्ती तज्ज्ञाच्या वाचनाशी ताडून पाहण्यात आल्या. स्थानिक डॉक्टरांनी पुरेसा दाह आहे म्हणून पात्र ठरवलेल्यांपैकी ३१ टक्के सहभागी या तज्ज्ञाच्या मते अपात्र होते. त्यांना वगळल्यावर औषध गटाचा आकडा २९ टक्के, म्हणजे जवळजवळ तोच राहिला. प्लासिबो गटाचा मात्र १३.८ टक्क्यांवर आला आणि फरक स्पष्ट झाला. औषध तेच, रुग्णालये तीच, माप बदलले. आता चित्रफितींचे मध्यवर्ती वाचन ही मोठ्या चाचण्यांमध्ये नित्याची गोष्ट झाली आहे.

टोफॅसिटिनिबकडेही मी याच नजरेने पाहते. क्रोन्सच्या त्या चाचणीत प्लासिबो गटातील ३६ टक्क्यांहून अधिक लोकांचा आजार शमल्याची नोंद झाली. इतक्या उंच पायरीवरून औषधाने आणखी किती उडी मारावी? त्याच कुळातील उपाडासिटिनिबला २०२३ मध्ये क्रोन्ससाठी मान्यता मिळाली, म्हणजे जेएके मार्ग रोखणे क्रोन्समध्ये निष्फळ असते, हा निष्कर्ष तरी चुकीचाच होता.


पेशीपुराण:

उपाडासिटिनिब जेएके १ वर अधिक नेमके काम करते आणि त्याच्या मात्राही वेगळ्या होत्या, तेव्हा सारा दोष मापाचा नाही. मात्र प्लासिबोच्या त्या आकड्याविषयी तालिका यांच्याशी पूर्ण सहमत आहे.


रेणूवेध:

दोघांचेही आभार. यावरून एक उपप्रश्न सुचतो. एखादा मार्ग संपूर्ण शरीरात रोखल्याने संसर्गासारखे धोके वाढत असतील, तर औषध आतड्यापुरतेच मर्यादित ठेवणे हा राजमार्ग ठरू नये का? माझा रेणू पोटातून रक्तात फारसा शोषला जात नाही. आतापर्यंत मी ते त्याचे वैगुण्य समजत होते.


कुपी:

औषधाची घडण आणि शरीरातील वहन हा माझा विषय असल्याने या प्रश्नाला उत्तर देतो. आतड्यापुरते औषध ही कल्पना या क्षेत्रात सर्वांत जुनी आहे, इतकी की तिचा पहिला नमुना कल्पना सुचण्याआधीच तयार झाला होता. स्वीडनमधील डॉक्टर नान्ना स्वार्ट्स यांनी संधिवातासाठी सल्फासालाझिन वापरण्यास सुरुवात केली आणि कोलायटिस असलेल्या रुग्णांना त्याचा गुण येतो असे १९४०च्या दशकाच्या आरंभी नोंदवले. ते असे का घडते, हे कळायला १९७७ साल उजाडले. या रेणूत सल्फापिरिडीन आणि ५-एएसए (५-अमिनोसॅलिसिलिक आम्ल) हे दोन भाग एका अॅझो बंधाने जोडलेले असतात. लहान आतड्यात हा बंध बहुतांशी टिकून राहतो. मोठ्या आतड्यातील जिवाणू तो तोडतात आणि ५-एएसए नेमके तिथेच सुटे होते. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी पूर्ण रेणू आणि त्याचे दोन्ही भाग वेगवेगळ्या बस्तीतून रुग्णांना दिले, तेव्हा गुणकारी भाग ५-एएसए हाच असल्याचे दिसले. सल्फापिरिडीन हा केवळ वाहक होता आणि बरेचसे दुष्परिणामही त्याचेच होते. आजचे मेसालाझिन म्हणजे तेच ५-एएसए, वाहकाऐवजी गोळीवरील आम्लतेनुसार विरघळणाऱ्या वेष्टनाच्या आधाराने पोहोचवलेले.

ब्युडेसोनाइडची युक्ती निराळी आहे. हे स्टेरॉइड आतड्यात काम करते आणि तिथून शोषले गेल्यावर यकृताच्या पहिल्याच फेरीत त्याचा सुमारे ९० टक्के भाग निष्प्रभ होतो, त्यामुळे उर्वरित शरीराला स्टेरॉइडची झळ कमी बसते. वेडोलिझुमॅब आणखी वेगळ्या वाटेने जाते. ते शिरेतून देतात, पण त्याचे लक्ष्य अल्फा ४ बीटा ७ हे इंटिग्रिन आहे, ज्याच्या साहाय्याने प्रतिकारपेशी आतड्यातील रक्तवाहिन्यांना चिकटून आत शिरतात. याआधीचे नाटालिझुमॅब अल्फा ४ असलेली सर्वच इंटिग्रिन रोखत असे, त्यामुळे प्रतिकारपेशींचा मेंदूकडे जाणारा रस्ताही बंद होई आणि काही रुग्णांमध्ये जेसी विषाणूने मेंदूचा घातक आजार उद्भवला. लक्ष्य केवळ एका उपघटकाने अरुंद केल्यावर तो धोका व्यवहारात मागे पडला. २०१४ मध्ये मान्य झालेले वेडोलिझुमॅब सुरक्षिततेच्या बाबतीत आजही पहिल्या रांगेत गणले जाते.

तरीही याला राजमार्ग म्हणायला मी धजावणार नाही. इझेन्सिटिनिब हे खास आतड्यापुरते राहील असे घडवलेले जेएके रोखणारे औषध होते आणि शोषण कमी ठेवण्याचा हेतू त्याने साधलाही होता. पण २०२१ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या चाचणीत ते ठरवलेल्या मुख्य निकषावर उतरले नाही. याचे एक संभाव्य कारण असे की दाह घडवणाऱ्या पेशींची भरती आणि शिकवण लसिका ग्रंथींमध्ये आणि रक्तात होत असते, आणि अस्तरावरून वाहत गेलेले औषध तिथवर पोहोचत नाही. क्रोन्समध्ये तर दाह भिंतीच्या सर्व थरांत उतरलेला असतो. त्यातच कित्येक रुग्णांना सांधे, त्वचा किंवा डोळे यांचाही दाह असतो, ज्यावर आतड्यापुरत्या औषधाचा उपयोग अपेक्षित नाही. म्हणून तुमचा रेणू कमी शोषला जातो हे वैगुण्यही नाही आणि गुणही नाही. तो अस्तराच्या आत, जिथे त्याचे लक्ष्य आहे त्या पेशीपर्यंत, पुरेशा प्रमाणात पोहोचतो की नाही हे ऊतींमध्ये मोजल्यावरच काय ते कळेल. रक्तातील पातळी मोजून हे कळणार नाही.


आंत्रवैद्य:

मी रुग्ण पाहतो, प्रयोगशाळेत काम करत नाही, म्हणून थोड्या वेगळ्या बाजूने लिहितो. १९५५ मध्ये ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवरील चाचणीत कॉर्टिसोनचा अल्सरेटिव्ह कोलायटिसवरील उपयोग सिद्ध केला, तेव्हा तीव्र झटका आवरणे हेच मोठे यश होते. आता आमच्याकडे औषधांची रांग लागली आहे, पण थेट तुलनेच्या चाचण्यांमधील आकडे पाहिले तर नम्र व्हावे लागते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये वेडोलिझुमॅब आणि टीएनएफ रोखणारे अडालिमुमॅब यांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ५२ आठवड्यांनंतर ३१.३ विरुद्ध २२.५ टक्के रुग्णांचा आजार शमलेला होता. टीएनएफरोधक औषधांना दाद न दिलेल्या क्रोन्सच्या रुग्णांत इंटरल्युकिन २३ रोखणाऱ्या रिसान्किझुमॅबने इंटरल्युकिन १२ आणि २३ रोखणाऱ्या उस्टेकिनुमॅबला स्पष्टपणे मागे टाकले, पण जिंकणाऱ्या औषधाच्या गटातही ४८ आठवड्यांनी दुर्बिणीतून आतडे शांत दिसलेले रुग्ण ३१.८ टक्केच होते. हरणाऱ्या बाजूला १६.२ टक्के. लक्ष्य बदलले, कुळ बदलले, तरी यशाची पातळी तिथेच कुठेतरी अडते.

ही कोंडी फोडण्यासाठी दोन औषधे एकत्र देण्याचे प्रयोग सुरू आहेत. गुसेल्कुमॅब (इंटरल्युकिन २३ रोखणारे) आणि गोलिमुमॅब (टीएनएफ रोखणारे) यांच्या जोडीने १२ आठवड्यांनी ८३ टक्के कोलायटिस रुग्णांना गुण आला. एकेकटे दिल्यावर हेच प्रमाण अनुक्रमे ७५ आणि ६१ टक्के होते. टीएल१ए या प्रथिनावरील, म्हणजे नव्या लक्ष्यावरील, ट्युलिसोकिबार्टने दुसऱ्या टप्प्यात २६ टक्के रुग्णांचा आजार शमवला, प्लासिबो गटात १ टक्का. टीएल१ए हे दाहाबरोबरच आतड्याच्या भिंतीत तंतू साचण्याशीही जोडलेले असल्याने त्याकडे आशेने पाहिले जाते, कारण आतडे एकदा तंतूंमुळे अरुंद झाले की सध्याचे कोणतेही दाहशामक ते पूर्ववत करत नाही आणि तंतुमयतेवर स्वतंत्र मान्यताप्राप्त औषधही उपलब्ध नाही. मोंगरसेनचा इतिहास वर आलाच आहे, तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष येईपर्यंत मी माझ्या रुग्णांना यातले काहीही सांगत नाही.

मला सर्वांत जास्त विचारात पाडणारी चाचणी नव्या रेणूची नाहीच. २०२४ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत नुकतेच निदान झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला सुरुवातीलाच इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबत प्रतिकारनियंत्रक गोळी दिली. दुसऱ्या गटात नेहमीप्रमाणे आजार उलटला तरच पायरीपायरीने उपचार वाढवले. स्टेरॉइडविना आणि तातडीच्या शस्त्रक्रियेविना वर्षभर आजार शमलेला राहण्याचे प्रमाण पहिल्या गटात ७९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १५ टक्के. पंचवीस वर्षे जुने औषध, आणि फरक एवढा! त्याच चाचणीत रक्तातील जनुकीय खुणांवरून कोणाला तीव्र उपचार द्यावेत हे ठरवता येते का, हेही तपासले होते. त्या खुणांचा उपयोग झाला नाही. औषधविकासावरील प्रबंधात वेळेचा हा मुद्दा सहसा येत नाही. नवे औषध बहुधा आधीची दोन-तीन औषधे हरलेल्या, वर्षानुवर्षे आजारी असलेल्या रुग्णांवर तपासले जाते, आणि मग त्याचे आकडे बेताचे का येतात याचे आपण आश्चर्य करतो.


तालिका:

एक छोटी पुरवणी. वरील वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. कोठे गुण येणे मोजले आहे, कोठे आजार शमणे आणि कोठे दुर्बिणीतील स्थिती. आंत्रवैद्य यांनी ते नीट वेगळे लिहिले आहे, पण वाचणारा टक्केवारी तेवढी लक्षात ठेवतो.


पेशीपुराण:

रेणूवेध यांच्या मूळ प्रश्नाचा एक भाग राहिला आहे, तो प्रकल्पाचा. मॅक्रोफेजमध्ये टीएनएफ घटले एवढ्यावर आतड्याविषयी काहीही विधान करू नका. पेशींना किंचित विषारी असलेला रेणूही टीएनएफ घटवतो, तेव्हा प्रथम पेशी जिवंत आहेत का ते स्वतंत्र चाचणीने दाखवा.

डीएसएसच्या प्रतिमानाबद्दल सांगायचे तर ते सोपे आहे, म्हणूनच इतके वापरले जाते. पाण्यात साधारण २ ते ३ टक्के डीएसएस आठवडाभर दिले की चौथ्या-पाचव्या दिवसापासून उंदरांचे वजन उतरू लागते, विष्ठेत रक्त दिसते आणि शेवटी मोजले तर मोठे आतडे आखूड झालेले आढळते. परंतु ही मुळात रासायनिक इजा आहे. टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांतही ती तशीच घडते, आणि साधे पाणी सुरू केले की अस्तर बहुतांशी आपोआप भरून येते. क्रोन्स किंवा कोलायटिस हे वर्षानुवर्षे चालणारे आजार असून त्यांत टी पेशींचा मोठा वाटा असतो. त्यामुळे डीएसएसच्या आधी किंवा त्याच दिवशी रेणू सुरू केला तर तुम्ही इजा टाळण्याची क्षमता मोजता, उपचार मोजत नाही. इजा झाल्यावर रेणू सुरू करणारा गट अवश्य ठेवा. जमल्यास टी पेशींच्या रोपणाचे प्रतिमान, अथवा १९९३ मध्ये प्रथम वर्णन झालेले इंटरल्युकिन १० नसलेले उंदीर, यांपैकी एक दुसरी कसोटी म्हणून घ्या. दुर्बीण तपासणीत घेतलेले रुग्णांच्या अस्तराचे नमुने नैतिक समितीच्या परवानगीने मिळत असतील तर त्यांवरील एक छोटा प्रयोग उंदरांच्या संपूर्ण प्रकरणाइतका वजनदार ठरेल.

उंदरांच्या बाबतीत दोन दक्षता घ्याव्या लागतात. प्रत्येक पिंजऱ्यातील जिवाणूंचा समुदाय वेगळा असतो आणि डीएसएसची तीव्रता त्यावर अवलंबून असते, म्हणून एका पिंजऱ्यात सगळे औषधाचे आणि दुसऱ्यात सगळे तुलनेचे उंदीर अशी मांडणी करू नका. एकाच पिंजऱ्यात दोन्ही गट मिसळा. दुसरे म्हणजे रेणू पाण्यात न मिसळता नळीने थेट जठरात द्या. कडवट चवीमुळे उंदीर पाणी कमी पितात, त्यामुळे डीएसएसही कमी जाते, वजन टिकून राहते, आतडे लांब राहते आणि रेणू गुणकारी असल्याचा भास होतो. गट मिसळलेले असल्याने बाटलीवरून कोणत्या उंदराने किती पाणी प्यायले हे कळणार नाही, पण प्रत्येक बाटलीचे रोजचे वजन तरीही नोंदवा. माझ्याकडे परीक्षणासाठी आलेल्या शोधनिबंधांत मी पहिल्यांदा ही नोंद शोधतो, आणि ती नसेल तर आतड्याच्या लांबीचा तक्ता कितीही देखणा असला तरी पुढे वाचण्याआधी ती मागवतो.